गुबगुब

माझं काम श्वास कापायचं.
मनामात, विजेच्या सामानाच्या दुकानावर
दीड खोलीचा स्टुडिओ, भिंतींना अंड्यांचे ट्रे,
एसी बंद, कारण तो घरघरतो.
दोन वाक्यांमधला श्वास सापडला
की टेपवर तिरपं पातं, टच्,
आणि तो तुकडा माझ्या पायाशी.

सत्त्याहत्तर साली तिथं ती आली,
गुमाशा बिन्त मरझूक.
सुक्या लिंबाच्या चहाचा थर्मास काखेत,
चपला दाराबाहेर काढलेल्या, आमच्यासारख्या.
मी नाव ओळखलं नाही. कोण ओळखणार?
बाराव्या वर्षी लग्नघरी डफवाल्या बायकांच्या रांगेत.
सतराव्या वर्षी लाखेच्या तीन तबकड्या,
लेबलवर नुसतं 'मुहर्रकची मुलगी'.
भाऊ म्हणाले होते, आवाज विक, नाव नको.
मग तेल कंपनीच्या हॉलात, पडद्याआडून.
मग रेडिओवर दर गुरुवारी वीस मिनिटं,
विसाची दहा झाली,
मग गिटारवाली पोरं आली
आणि गुरुवार त्यांचा झाला.
सात वर्षं तिनं शाळेचे गणवेश शिवले.
गुणगुणत नव्हते, म्हणाली. टाका चुकतो.

आता तिला खेकडा व्हायचं होतं.
कुठल्याशा थंड देशात रंगवलेलं कार्टून.
खेकड्याला ओठच नव्हते, माझं निम्मं काम वाचलं.
इथं खेकड्याला गुबगुब म्हणतात.
मला हसू फुटलं. म्हटलं, आमच्यात गुबगुबीत म्हणजे
गालांचं बाळ. आणि वेंगुर्ल्यात हीच कुर्ली,
तिचं सार आई असं करायची, की...
'गप्प बस,' ती म्हणाली, 'भूक लागते.'

पहिल्या दिवशी खेकडा बायकी निघाला,
दुसऱ्या दिवशी लाडिक.
तिसऱ्या दिवशी तिनं दिवा मालवायला लावला,
हनुवटी छातीला टेकवली
आणि बेंबीखालून कुठूनसा असा आवाज काढला
की मीटरचा काटा लाल पट्टीत जाऊन अडकला.
नांगर ओढताना ओला दोरखंड बोलतो, तसा.
कुणाचा, विचारलं,
तर थर्मासचं झाकण फिरवत राहिली.

मुहर्रकच्या थिएटरात शुक्रवारचा खेळ.
खेकडा वाळूतून वर येतो, म्हणतो,
'थांबा रे, ही भरती माझ्या ओळखीची आहे.'
पोरं खुर्च्यांवर उभी.
त्या हशातच मागून एक म्हातारा उठला,
मोत्यांच्या बोटींवर कान फुटलेला,
एरवी आजोबांना ऐकू येत नाही, नातू नंतर सांगत होता.
त्यानं पडद्याकडे हाक मारली:
'मरझूक! अरे, माझा दोर कुणी धरलाय?'

गुमाशा दोन खुर्च्या सोडून
शेंगदाणे सोलत होती. थांबली.
बाप बोटीवरचा नहाम,
साठ माणसांची वल्ही त्याच्या सुरावर पडायची.
समुद्रात नाही गेला, घरीच गेला, खोकून.
पोरीनं गाऊ नये, म्हणायचा.
हे तिनं मला बसस्टॉपवर सांगितलं,
मध्येच बस आली, म्हणून अर्धंच.

पडद्यावर नावं सरकली तेव्हा
झाडूवाला आत आला होता.
तिचं होतं की नव्हतं, मी पाहिलं नाही.

कापलेले श्वास मात्र मी टाकले नव्हते.
दूध पावडरच्या डब्यात साठवले,
ईदच्या सुट्टीत बसून एकाला एक जोडले.
सव्वादोन मिनिटं भरले.
तिला ऐकवले. शब्द नाही, सूर नाही,
नुसतं आत घेणं, आत घेणं.
शेवटपर्यंत बसली.
मग म्हणाली, 'यातला एक माझा नाही.'
कुठला, ते सांगितलं नाही.
चपला घातल्या, जिना उतरली.
खाली दुकानात चाळीसचा बल्ब घेताना
घासाघीस करत होती,
तिच्या त्या साध्या, कुणाच्याच नसलेल्या आवाजात.